उदगीरचे पाच, बागानचे सहा

चहा गार होऊ देऊ नका, कारण ही हकीकत लांबणार आहे. आणि ती संपल्यावर मला 'सर' म्हणायचं की आणखी काही, हे तुमचं तुम्ही ठरवायचं आहे. मी मध्ये पडणार नाही.

माझी फजिती काळाने केली. तुम्ही म्हणाल, काळ कोणाची करत नाही? खरं आहे. पण ज्याने आयुष्यभर काळाचाच अभ्यास केला, त्याची व्हावी का? नांदेडच्या महाविद्यालयात मी लोकसाहित्य शिकवलं. लोक वेळ कशी मोजतात, हा माझा आवडता विषय. दिवस कासराभर वर आला म्हणजे नेमका किती आला, झुंजुमुंजू कधी संपतं आणि तांबडं कधी फुटतं, दिवेलागण आणि कातरवेळ ह्यांच्या मधली रेघ कुठे ओढायची, ह्यांवर मी तासन्‌तास बोलू शकतो. बोललोही आहे. गोरज मुहूर्तावर तर माझं स्वतंत्र प्रकरण आहे! गाई रानातून परततात, त्यांच्या खुरांची धूळ उडते, ती धूळ म्हणजे गोरज. आणि त्या वेळेला घड्याळ लागत नाही, हा त्या प्रकरणाचा निष्कर्ष.

अशा माणसाने, सूर्य समोर मावळत असताना, त्या सूर्यालाच खोटं ठरवावं? ठरवलं. ऐका.

माझी धाकटी बहीण शोभा उदगीरला दिली आहे. तिचे यजमान, म्हणजे आमचे दाजी, धान्याच्या मोंढ्यातले आडतदार. तुरीचा दाणा दाताखाली धरून भाव सांगणारे. त्यांची धाकटी लेक रेवती चहाच्या रोपांवर अभ्यास करायला आसामात गेली आणि अभ्यासाबरोबर जावईही ठरवून आली. दीपांकर त्याचं नाव. चहाच्या मळ्यावर नोकरी. आईवडील लहानपणीच गेलेले. आत्याने वाढवलेला मुलगा. आत्याला तिकडे 'पेही' म्हणतात, म्हणून आम्हीही सगळे त्या बाईंना पेहीच म्हणू लागलो.

दाजींनी आधी कुरकुर केली. "इतक्या लांबचं कुणी बघतंय का? निलंग्याला काय पोरं न्हाईत?" पण मुलगा घरी येऊन गेला, दुकानात पोत्यावर मांडी घालून बसला, देव्हाऱ्यातल्या पिंडीला त्याने कोणी न सांगता नमस्कार केला, आणि दाजी विरघळले. लग्न मार्गशीर्षात, उदगीरलाच.

लग्नाआधी रेवतीचा मला नांदेडला फोन आला.

"मामा, मांडवात मला तुम्हीच आणायचं."

"अगं, मामाच आणतो. ह्या प्रथेत मातुलकुलाचं जे प्राचीन..."

"मामा! ताईच्या लग्नात तुम्ही कुठं होतात?"

 थोरल्या भाचीच्या लग्नात, लग्न लावणारे स्वामी 'मुलीचे मामा, मुलीचे मामा' म्हणून पुकारत असताना, मी मागच्या अंगणात एका वृद्ध पाहुणीकडून जात्यावरच्या ओव्या लिहून घेत होतो. मग नवरीला विश्वनाथने आणलं. विश्वनाथ म्हणजे आमचा चुलतभाऊ. कुठल्याही लग्नाला हा फेटा बांधूनच येतो. न जाणो, गरज पडली तर!

"ह्या वेळेला तुम्ही नसलात ना," रेवती म्हणाली, "तर मी खोलीतून बाहेरच येणार नाही. विश्वनाथमामा आले तरी नाही. मग बसा सगळे मुहूर्त मोजत."

तिच्या आवाजात थट्टा नव्हती. दहावीला ही पोर आमच्याकडे राहून शिकलेली, माझ्या स्कूटरवर मागे बसून शिकवणीला गेलेली. मी शब्द दिला.

दुसरा फोन दाजींचा.

"मास्तर, मुहूर्त पाचचा हाय बरं का. गोरज."

"पाचचा? दाजी, मार्गशीर्षात उदगीरला सूर्य पावणेसहाच्या पुढे मावळतो. पाचला गाई रानातच असतात. हा गोरज कसा?"

पलीकडे क्षणभर शांतता. मग दाजी म्हणाले, "ते मला काय माहीत? स्वामींनी काढलाय. तुम्ही पाचला हजर ऱ्हावा, बस्स."

त्या शांततेकडे लक्ष असू द्या. माझं नव्हतं.

फोन ठेवून मी विचारात पडलो. आणि विचारात पडलेला विद्वान म्हणजे विहिरीत पडलेला बैल. बाहेर काढायला गाव लागतं. पण मला तर उलगडा झाला! असं पाहा, आपल्या देशाने सगळ्यांसाठी एकच प्रमाणवेळ घेतलेली आहे. मिर्झापूरजवळून जाणाऱ्या रेखेवरची वेळ, तीच कच्छची आणि तीच अरुणाचलची. मात्र हा ठराव सूर्याला कोणी कळवलेला नाही. आसामात तो आपल्याआधी उगवतो आणि ह्या दिवसांत साडेचारलाच मावळतो. तिकडची माणसं दुपारच्या चारलाच कचेरीत दिवे लावून बसतात. आपल्याकडे त्या वेळी माणसं वामकुक्षीतून उठून चहाचं आधण ठेवतात. तेव्हा त्यांचा सूर्यास्त साडेचारचा, आपला पावणेसहाचा. स्वामींनी दोन्ही कुळांचा मान राखून मधला पाच काढला! दोन सूर्यास्तांची सरासरी! लोकपरंपरा किती समावेशक असते पाहा, असं मी पत्नीला म्हणालो.

पत्नी चपात्या लाटत होती. "हो का," एवढंच म्हणून तिने तोंड फिरवलं. मला वाटलं, तवा बघायला.

वऱ्हाड दोन दिवस आधी आलं. स्टेशनजवळच्या एका लॉजवर त्यांची सोय केली होती. दुसऱ्या सकाळी मी विचारपूस करायला गेलो, तर लॉज सांभाळणारे रफीकभाई काउंटरवर डोळे चोळत बसलेले.

"सर, ये मेहमानां कहाँ के हैं?"

"आसाम के. क्यों?"

"अजी सर, साडेचार बजे से उठ के बैठे! चाय होना, नाश्ता होना. मैं बोला, अब्बी तो मुर्गा बी सोया है. फिर सब के सब गच्ची पो जा के खड़े हो गए. क्या कर रै पूछा तो बोले, सूरज का रस्ता देख रै! पौने सात तक देखे, सर. वो बड़ी अम्मा मेरे कू पूछी, भाई, तुम्हारे यहाँ सूरज इतना लेट कायकू? अब मैं क्या जवाब देऊँ? मेरा लॉज है, सूरज थोड़ी है!"

मी त्यांना प्रमाणवेळेची संकल्पना समजावून सांगितली.

"मतलब, हमारा सूरज लेट है."

"सूरज लेट नहीं है, रफीकभाई."

"तो घड़ी फास्ट है."

"घड़ी भी बराबर है. दोनों बराबर हैं."

"दोनों बराबर हैं, तो ये लोगां भूके कायकू हैं?"



त्याच दिवशी दाजींनी वऱ्हाडाला बाराला जेवायला बोलावलं होतं. वऱ्हाड अकराला दारात! शोभाचे हात कणकेत, दाजी बनियनवर. "अगागागा! हे तर आले की हो!"

आता साडेचारला उठलेल्या माणसाला अकराला भूक लागणार, हे सांगायला शास्त्र कशाला हवं? पण मी शास्त्र काढलंच. माझं लक्ष पेहींच्या मनगटाकडे गेलं. त्यांच्या लहान तबकडीच्या जुन्या घड्याळात बारा वाजले होते. बरोब्बर बारा!

"पेही, आपकी घड़ी?"

"बागान टाइम," पेही हसून म्हणाल्या. "हमारे बागान में घड़ी एक घंटा आगे रखता है. सूरज जल्दी उठता है, तो हम भी जल्दी."

माझ्या अंगावर रोमांच उभे राहिले! हे मी वाचलं होतं. चहाच्या मळ्यांत इंग्रजांच्या काळापासून घड्याळ तासभर पुढे ठेवतात, उजेड आहे तोवर काम उरकावं म्हणून. देशाने एक वेळ ठरवली, मळ्याने आपली निराळी राखली. आणि ती जिवंत परंपरा आज शोभाच्या ओट्यावर चपला काढत उभी होती!

पंगतीत मी घरच्यांना नियम घालून दिला. "ह्यांचे सहा म्हणजे आपले पाच. ह्यांनी वेळ सांगितली की एक वजा करायचा. आपण सांगितली की ते एक मिळवतील."

"आणि आपणच आधी मिळवून सांगितला तर?" दाजींनी विचारलं.

"तर ते दोन... नाही, थांबा. तर ते मिळवणार नाहीत. म्हणजे, आपण मिळवलाय हे त्यांना माहीत असेल तर. नसेल तर मिळवतील. मग आपण परत वजा..."

"अण्णा, आमटी घ्या," शोभा म्हणाली. "गार व्हायली."

केवळ नियम सांगून भागणार नाही, हे माझ्या लक्षात आलं. अभ्यासकाने दुसऱ्याच्या रीतीत स्वतः शिरावं लागतं. म्हणून मी तिथल्या तिथे माझं मनगटी घड्याळ तासभर पुढे केलं. बागान टाइम! आता पेहींचं घड्याळ आणि माझं घड्याळ एक. चूक होणारच कशी?

हात धुताना दीपांकर जवळ आला. "मामाजी, बारात में पेही चल नहीं पाएँगी, घुटने में दर्द है. आप उनको लॉज से सीधे ले आइएगा. उनके बिना मैं मंडप में खड़ा नहीं होऊँगा."

म्हणजे स्थिती लक्षात घ्या. नवरी माझ्याशिवाय बाहेर येणार नाही, नवरा पेहींशिवाय उभा राहणार नाही, आणि पेहींना घेऊन यायचं मी. अख्खं लग्न माझ्या मनगटावर टांगलेलं!

लग्नाच्या दिवशी सकाळी हळद झाली. पट्टा पिवळा होईल म्हणून मी घड्याळ काढून शोभाकडे दिलं. जेवणानंतर तिने परत दिलं, मी बांधलं. ही बारीकशी गोष्ट तुम्ही ध्यानात ठेवा. मला ठेवायला कोणी सांगितलंच नाही.

दुपारी मी लॉजवर गेलो. वरात वाजतगाजत निघून गेली होती. बेत सरळ होता: माझ्या घड्याळात साडेपाच झाले, म्हणजे आपले साडेचार, की निघायचं. मंगल कार्यालय बीदर रस्त्याला. रिक्षाने दहा मिनिटं. पेही फिकट सोनेरी रेशमी मेखला, म्हणजे तिकडची साडी, नेसून तयार बसल्या होत्या. मांडीवर लाल काठाच्या कापडात गुंडाळलेली, सुनेला द्यायची भेट.

"पेही, अभी टाइम है. आपके उधर शादी में औरतें गाना गाती हैं ना?"

झालं! बांध फुटला. तिकडच्या बायका लग्नात समोरच्या पक्षाची टर उडवणारी गाणी म्हणतात, आणि पेहींना ती ढीगभर पाठ. मी फोन फ्लाइट मोडवर टाकला, म्हणजे मध्येच वाजून ध्वनिमुद्रण बिघडायला नको. रेकॉर्डर सुरू केला आणि फोन उशीवर पालथा ठेवला. पेही डोळे मिटून गात होत्या, मधूनमधून अर्थ सांगत होत्या. एका गाण्यात नवरीचा मामा लग्नाच्या वेळी सापडतच नाही. कुठे गेला, तर तळ्यावर बगळे मोजत बसला. मी इतका हसलो की ते गाणं पुन्हा म्हणायला लावलं!

मध्येच पेहींनी मनगट पाहिलं. "पाँच बज गया."

मी माझं पाहिलं. "मेरे में भी पाँच!" दोन घड्याळांचा तो मेळ पाहून मला भरून आलं. "पाँच मतलब चार."

"पाँच मतलब चार?"

"हमारा चार. शादी हमारे पाँच बजे."

"दीपू तो छह बोला."

"वही तो! आपका छह, हमारा पाँच. एक घंटा है."

पेहींनी बोटांवर काहीतरी मोजलं. "हाँ," त्या सावकाश म्हणाल्या, "एक घंटा तो है." चेहरा मात्र असा, की गणिताचं उत्तर जुळलं पण रीत कळली नाही.

खिडकीतलं ऊन पिवळं होऊन समोरच्या भिंतीवर चढलं होतं. चारचं ऊन असं चढतं का हो? नाही चढत. मला ते दिसत होतं. पण मी मनाशी म्हटलं, मार्गशीर्षातला दिवस, लहानच असायचा. विद्वत्तेचा हाच तर फायदा. समोर काहीही दिसो, कारण तयार असतं.

आणखी दोन गाणी झाली. ध्वनिमुद्रण नीट उतरतंय का, ते पाहायला मी फोन उलटा केला.

फोनवर पाच वाजून वीस मिनिटं. मनगटावरही पाच वाजून वीस मिनिटं.

मी चष्मा पुसला. आकडे तेच. फोन काही बागानात वाढलेला नाही. तो देशाचीच वेळ दाखवणार. म्हणजे माझं घड्याळ पुढे नव्हतंच! म्हणजे पाच मतलब पाच! म्हणजे मुहूर्त वीस मिनिटांपूर्वी होऊन गेला!

फ्लाइट मोड काढला. एकही फोन आलेला नव्हता, एकही निरोप नाही.  माझी वाट पाहणंसुद्धा त्यांनी सोडून दिलं!

"अरे देवा!" असं मोठ्याने म्हणून मी उठलो तो थेट जिन्यावर. खाली रफीकभाई दचकले.

"क्या हुआ सर? आग लगी क्या?"

"शादी हो गई!"

"मुबारक हो, सर!"

रिक्षात मी भाषणाची तयारी केली. क्षमायाचनेचं भाषण, त्यातही प्रस्तावना, विवेचन आणि उपसंहार. कार्यालयापाशी आलो तर माझ्या शंकेला पुरावेच पुरावे! फाटकापाशी पाहुणे सरबत पीत उभे: निघालेले. आत निम्म्या खुर्च्या रिकाम्या: जेवून गेलेले. व्यासपीठावर दोन माणसं फुलांच्या माळा हातात घेऊन: सजावट उतरवायला लागलेले! आणि समोरून फेटा सावरत विश्वनाथ.

"या अण्णा! एवढी घाई कशाची?"

मी त्याला मिठी मारली. "विश्वनाथ, तू होतास म्हणून अब्रू राहिली रे. तूच आणलंस ना तिला?"

"कुणाला?"

त्याचा हा विनय पाहून मला गहिवरून आलं. मी तसाच नवरीच्या खोलीत शिरलो. रेवती पिवळ्या साडीत बसली होती; मैत्रीण तिच्या वेणीत गजरा माळत होती आणि ती बटाट्याचे वेफर्स खात होती. शोभा होती, माझी पत्नी होती. मी हात जोडले.

"बाळ, ह्या मामाला क्षमा कर. परंपरेने मामाला जे स्थान दिलं, त्याला मी दुसऱ्यांदा अपात्र ठरलो. तू शब्द मागितलास, मी दिला, आणि तो शब्द आज वेळेच्या दोन कल्पनांमध्ये सापडून..."

"मामा," रेवती वेफर चावत म्हणाली, "लग्न सहाला आहे."

"सहाला म्हणजे त्यांच्या सहाला. आपल्या पाचला."

"आपल्या सहाला. अजून वरातसुद्धा आलेली नाही. हनुमान मंदिरापाशी नाचायलेत सगळे."

मी शोभाकडे पाहिलं. "दाजी तर पाच म्हणाले होते!"

खोलीत शांतता पसरली. ही शांतता माझ्या ओळखीची होती. फोनवर ऐकली होती तीच ही.

"अण्णा, रागावू नका," शोभा म्हणाली. "तुम्हाला आम्ही कायम तासभर अलीकडचीच वेळ सांगतो. थोरलीच्या लग्नापासून. बारसं असो, वास्तुशांत असो. वहिनींनीच सांगितलंय तसं. पत्रिकाही त्याच दडवून ठेवतात."

पत्नी बांगड्या मोजू लागली.

पाहा, ह्या विशाल देशाला दुसरी प्रमाणवेळ असावी की नसावी, ह्याचा काथ्याकूट मोठमोठी माणसं करत बसली आहेत. माझ्या घरच्यांनी ती केव्हाच सुरू करून टाकली होती! लोकसंख्या: एक.

"पण माझं घड्याळ?" मी क्षीण आवाजात विचारलं. "ते तर मी तासभर पुढे केलं होतं."

"हळदीला काढून दिलं तवा लई पुढं दिसलं," शोभा म्हणाली. "बिघडलं असंल म्हणून मीच बरोबर लावून ठिवलं की."

तेव्हा कुठे मला उमगलं. मुहूर्त मी तासभर अलीकडचा धरला होता. आणि किती वाजले हेही मी तासभर अलीकडचंच समजत होतो. दोन चुकांनी एकमेकींचा हात इतका घट्ट धरला होता की मी अगदी वेळेवर होतो! काहीच केलं नसतं तर ठरल्याप्रमाणे साडेपाचला निघून, मुहूर्ताच्या आधी सुखरूप पोचलो असतो. फोन पाहून मी त्यांतली एक चूक दुरुस्त केली, तिथेच सगळं बिघडलं.

"असू दे मामा," रेवती हसत म्हणाली. "आलात ना. पेही कुठं बसल्यात? पाणी दिलं का त्यांना?"

आता पाळी माझ्या शांततेची होती.

"अण्णा," शोभाने एकेक शब्द सुटा करून विचारलं, "पेही... कुठं... हायत?"

पुन्हा रिक्षा! चालक तोच. "सर, तुमचं लगीन हाय का?" त्याने विचारलं. 

पेही खोलीत तशाच बसल्या होत्या. मांडीवर तीच भेट. फक्त शेजारी चहाचा रिकामा कप आला होता आणि दाराशी रफीकभाई उभे होते.

"हो गया?" पेहींनी मोठ्या आदराने विचारलं.

"क्या हो गया?"

"रस्म. मामा के भागने का रस्म. रफीकभाई बोला, सर 'शादी हो गई' बोल के भागा. मैं समझ गई. हमारे में दूल्हे को गेट पर रोकते हैं, आपके में मामा भागता है. बीच में टोकना नहीं चाहिए, इसलिए मैं बैठी रही."

सगळं समजावून सांगायचं तर बागान टाइमपासून सुरुवात करावी लागली असती, आणि सूर्य काही माझ्यासाठी थांबणार नव्हता. लोकसाहित्याच्या अभ्यासकाने कधी करू नये ती गोष्ट मी केली.

"हाँ पेही," मी म्हटलं, "रस्म हो गया. चलिए."

रिक्षात बसल्यावर विचारलं, "आपकी घड़ी तो एक घंटा आगे थी ना?"

"कल ही पीछे किया. सोचा, मामाजी को बार-बार हिसाब करना पड़ता है, तकलीफ होती है."

म्हणजे मी त्यांच्यासाठी तासभर पुढे गेलो होतो आणि त्या माझ्यासाठी तासभर मागे आल्या होत्या!

कार्यालय दिसू लागलं आणि रिक्षा थांबली. समोर गुरं. दहा-वीस गाई, तितक्याच म्हशी, मागे एक काठी टेकत चाललेला गुराखी. सूर्य नुकताच बुडाला होता, मागे उरलेल्या उजेडात धूळ सोनेरी होऊन वर चढत होती आणि उघड्या रिक्षात शिरत होती. ज्या गोरजावर मी प्रकरण लिहिलं, तो प्रत्यक्ष माझ्या चष्म्यावर, मिशीवर आणि इस्त्रीच्या सदऱ्यावर बसत होता. पहिल्यांदाच इतक्या जवळून पाहत होतो, खरं सांगतो.

"कितना सुंदर," पेही म्हणाल्या.

आणि पलीकडून ध्वनिक्षेपकावर स्वामींचा आवाज: "मुलीचे मामा! मुलीचे मामा कुठं हायत?"

मी उतरलो. पेहींचा हात धरला, आणि त्यांच्या गुडघ्यांच्या चालीने आम्ही म्हशींमधून वाट काढत निघालो. दुसरा पुकारा. फाटकाशी दाजी हातातलं उपरणं हलवत होते. "आले! मास्तर आले! स्वामी, जरा दम धरा!" तिसरा पुकारा. व्यासपीठावर दीपांकर उभा होता, मान वळवून फाटकाकडे पाहत. पेही दिसल्या आणि त्याने डोळे पुसले. खोलीच्या दाराशी विश्वनाथ फेटा नीट करत पुढे सरसावलेला, आणि दाराची कडी धरून उभी रेवती.

"थांबा, विश्वनाथमामा. माझे मामा येतायत."

मी तिचा हात धरला. डोक्यापासून पायापर्यंत धुळीने माखलेला मामा आणि पिवळ्या साडीतली नवरी अशी आमची जोडी मांडवात चालत गेली. मी तिच्या मागे उभा राहिलो. अक्षता पडल्या. मधेच तिने मान किंचित वळवली.

"मामा, वेळेवर आलात."

"कोणाच्या, बाळ?" मी विचारलं.

इथे हकीकत संपली असती तर तुमचा चहा आणि माझी अब्रू, दोन्ही बरोबर संपले असते. पण रात्रीच्या पंगतीत पेहींनी आमच्या बायकांपाशी त्या 'रस्मे'चं तोंडभरून कौतुक केलं. आता पाहुण्यांसमोर आपलीच रीत आपल्याला ठाऊक नाही, असं कोण कबूल करील? "हाव हाव," बायका म्हणाल्या, "असतंय आमच्यात तसं." पुढच्या हंगामात दाजींच्या भावकीत लग्न निघालं, तर मुहूर्ताआधी एका जाड्या मामाला फाटकापर्यंत पळवून परत आणलं. का? तर म्हणे, रेवतीच्या लग्नात मामा पळाला होता, पोरगी बघा कशी सुखात हाय!

परवा एक विद्यार्थिनी नांदेडला माझ्याकडे आली. विवाहविधींवर संशोधन करते आहे. तिने फोन फ्लाइट मोडवर टाकला, रेकॉर्डर सुरू केला आणि अत्यंत गंभीरपणे विचारलं, "सर, उदगीर भागात मुहूर्तापूर्वी मुलीचा मामा मांडवाबाहेर पळून परत येतो. इतर कुठे हा विधी आढळत नाही. ह्याचं मूळ कशात असावं? मातृसत्तेत, की राक्षसविवाहाच्या अवशेषात?"

आत पत्नीच्या हातून काहीतरी पडल्याचा आवाज आला.

मी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"लिहून घ्या," मी म्हटलं. "भारतीय प्रमाणवेळेत."